एकच बंदूक, दोन सैन्ये

युद्धातील जयापजयाची मीमांसा करताना आपले लक्ष प्रथम शस्त्राकडे जाते. ज्याचे शस्त्र सरस त्याचा जय, हे समीकरण इतके सोपे आहे की त्याविषयी शंका घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. अमेरिकेचे यादवी युद्ध मात्र या समीकरणात बसत नाही. १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली शरण आला. या चार वर्षांतील मृतांचा जुना, सर्वमान्य आकडा ६ लाख २० हजारांचा आहे. जनगणनेच्या नोंदी नव्याने तपासून २०११ साली मांडलेला अंदाज साडेसात लाखांचा, तर २०२४ सालचा सुमारे सात लाखांचा आहे. यांतील सुमारे दोन तृतीयांश माणसे रोगराईने गेली. रणांगणावर जी पडली, त्यांतली बहुतेक बंदुकीच्या गोळीने पडली.

आणि ही बंदूक दोन्ही बाजूंकडे जवळजवळ एकच होती. उत्तरेच्या पायदळाची प्रमुख बंदूक म्हणजे ०.५८ इंच व्यासाच्या नळीची स्प्रिंगफिल्ड. दक्षिणेची प्रमुख बंदूक म्हणजे ०.५७७ इंच व्यासाची ब्रिटिश एन्फिल्ड. उत्तरेच्या पुष्कळशा पलटणींकडेही एन्फिल्डच होती. दोन्हींच्या नळ्यांत तीन खाचा, दोन्हींचे वजन सुमारे चार किलो आणि दोन्हींना एकाच पद्धतीची गोळी. मग फरक कशाने पडला? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, की बंदूक म्हणजे केवळ लाकूड आणि लोखंड नव्हे, हे हळूहळू ध्यानात येते. तिच्या मागे कारखाना असतो, काडतुसाचा पुरवठा असतो, शिक्षण असते आणि ती कोणाच्या हाती द्यायची आणि कोणाच्या नाही, याविषयीचा समाजाचा निर्णयही असतो.

पोकळ बुडाची गोळी

त्याआधीची पायदळी बंदूक गुळगुळीत नळीची असे. तिच्यातून सुटलेली गोल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शंभर यार्डांपलीकडे ती कोठे जाईल याचा भरवसा नसे. (यार्ड म्हणजे मीटरहून थोडे कमी अंतर.) नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या तर गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते, हे ज्ञान जुने होते. अशा खाचांच्या बंदुकीलाच रायफल म्हणतात. अडचण भरण्याची होती. खाचांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडातून ठोकून खाली न्यावी लागे. त्याला वेळ लागे आणि दारूची काजळी साचली की ते काम अशक्यप्राय होई. म्हणून रायफल शिकाऱ्याकडे आणि मोजक्या नेमबाजांकडेच राहिली.

हा पेच १८४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच कॅप्टन क्लोद एतिएन मिनिए याच्या गोळीने सोडवला. ही गोळी निमुळत्या टोकाची आणि बुडाशी पोकळ होती. नळीपेक्षा किंचित लहान असल्यामुळे ती सहज खाली सरके. बार उडाला की दारूच्या वायूच्या दाबाने तिचे पोकळ बूड फुगे आणि खाचांना घट्ट धरी. मिनिएच्या गोळीत बुडाशी लोखंडी वाटी बसवलेली असे. व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यातला कारागीर जेम्स बर्टन याने ही वाटी काढून टाकली आणि नुसत्या शिशाची, स्वस्त आणि झटपट ओतता येणारी गोळी तयार केली. तिचे वजन सुमारे ३२ ग्रॅम भरे. ठासणीच्या बंदुकीचा वेग आणि रायफलीचा नेम प्रथमच एकत्र आले.

१८५५ साली अमेरिकेने ही पद्धत आपल्या साऱ्या पायदळासाठी स्वीकारली. तेव्हा युद्धमंत्री होते जेफर्सन डेव्हिस. सहाच वर्षांनी हेच डेव्हिस फुटून निघालेल्या दक्षिणेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी मंजूर केलेल्या नमुन्यावरून घडलेली बंदूक त्यांच्याच सैन्यावर रोखली गेली. ब्रिटनने १८५३ साली स्वीकारलेली एन्फिल्ड आपल्याला वेगळ्या कारणाने परिचित आहे. गाय आणि डुकराच्या चरबीच्या ज्या काडतुसांवरून १८५७ साली आपल्याकडे वणवा पेटला, ती याच बंदुकीची काडतुसे होती.

नऊ आज्ञा आणि दोन दात

ही बंदूक भरायची कशी, हे पाहिल्याखेरीज त्या लढायांचे स्वरूप कळत नाही. अमेरिकी कवायतीत भरण्याच्या क्रियेचे नऊ भाग पाडलेले होते. सैनिक पट्ट्याच्या पेटीतून कागदी काडतूस काढी, त्याचे टोक दातांनी फाडी, सुमारे चार ग्रॅम दारू नळीत ओती, त्यावर गोळी ठेवी, गज ओढून ती तळाशी ठाशी, गज परत जागेवर बसवी, घोडा अर्धा चढवून लहानशी तांब्याची टोपी बसवी आणि मग खांद्याला दस्ता लावी. शिकलेला सैनिक मिनिटाला तीन बार काढू शके. काडतूस फाडण्यासाठी समोरासमोरचे दात आवश्यक असल्याने ज्याचे पुढचे दात पडलेले असत, त्याला भरतीच्या वेळी नाकारले जाई. पेटीत चाळीस काडतुसे मावत. म्हणजे हिशेबाने तेरा-चौदा मिनिटांचाच दारूगोळा, असे म्हणावे लागेल.

हे सारे उभ्याने, खांद्याला खांदा लावून आणि समोरून गोळ्या येत असताना करायचे होते. त्याचा परिणाम काय होई, याची एक बोलकी नोंद उपलब्ध आहे. जुलै १८६३ मधील गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या सुमारे साडेसत्तावीस हजार बंदुका तपासण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या. त्यातही सुमारे १२ हजारांत दोन बार, तर सुमारे ६ हजारांत तीन ते दहा बार एकावर एक ठासलेले आढळले. एका बंदुकीत तर तेवीस बार निघाले. हे आकडे पुढे वेगवेगळ्या प्रकारे वाचले गेले. कोणाला त्यात मारण्याची अनिच्छा दिसली, कोणाला घाबरगुंडी. साधे स्पष्टीकरणही पुरेसे आहे. चहूकडे हजारो बंदुका एकदम वाजत असताना आपला बार उडाला की नुसती टोपीच फुटली, हे सैनिकाला कळत नसे. तो पुढचे काडतूस फाडी आणि पुन्हा ठाशी.

युरोपच्या बाजारात खरेदीची धावपळ

युद्ध सुरू झाले तेव्हा दोन्ही बाजूंकडे नव्या रायफली पुरेशा नव्हत्या. दक्षिणेने आपल्या भूमीवरील केंद्र सरकारची शस्त्रागारे ताब्यात घेतली, पण तेथे बहुतांश जुन्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका मिळाल्या. उत्तरेची स्थितीही फारशी बरी नव्हती. त्यामुळे १८६१ साली दोन्हींचे खरेदीदार युरोपात दाखल झाले आणि एकाच दुकानात एकाच मालावर बोली लावू लागले. दक्षिणेचा दलाल केलब ह्यूज याने लंडन आर्मरी कंपनीचा माल मोठ्या प्रमाणावर मिळवला. बर्मिंगहॅमच्या खासगी कारागिरांनी तर दोन्ही बाजूंना एन्फिल्ड विकल्या. ऑस्ट्रियाची ०.५४ इंची लोरेन्झ बंदूक उत्तरेने सव्वादोन लाखांच्या आसपास घेतली, दक्षिणेनेही ती मोठ्या संख्येने घेतली. बेल्जियम आणि प्रशियाच्या कोठारांतला जुना माल अमेरिकेत पोहोचला.

या खरेदीचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. दक्षिणेजवळ बंदुकांच्या मोबदल्यात देण्याजोगी एकच वस्तू होती, ती म्हणजे कापूस. उत्तरेच्या आरमाराने बंदरे अडवल्यावर हा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना पोहोचेनासा झाला आणि तेथील गिरणीमालकांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. कापसाचे भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या शब्दावर बँका आणि कंपन्या उभ्या राहिल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरवर लोकांनी उड्या टाकल्या. १८६५ च्या वसंतात ली शरण आल्याची वार्ता पोहोचली आणि हा फुगा फुटला.

हाती जे शस्त्र आले ते घेऊन दोन्ही सैन्ये लढली. एकेका ब्रिगेडमध्ये तीन-तीन, चार-चार व्यासांच्या बंदुका असत आणि काडतुसांचा पुरवठा करणाऱ्यांची त्रेधा उडे. काहींना मात्र जुने शस्त्रच प्रिय होते. उत्तरेच्या प्रसिद्ध आयरिश ब्रिगेडचा प्रमुख टॉमस मार याने आपल्या पलटणींसाठी ०.६९ इंची गुळगुळीत बंदूकच पसंत केली. तिच्यात एक मोठी गोळी आणि तिच्यासोबत तीन छर्रे भरीत. जवळून हा मारा भयंकर ठरे. गेटिसबर्गपर्यंत या ब्रिगेडकडे त्याच बंदुका होत्या.

सरस शस्त्र आणि विजय यांचा संबंध किती सैल असतो, हे मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्गने दाखवून दिले. ४ जुलै १८६३ रोजी हे ठाणे उत्तरेचा सेनापती युलिसिस ग्रँट याच्या हाती पडले. शरण आलेल्यांकडून ५० ते ६० हजार बंदुका मिळाल्या. त्यांतल्या बऱ्याच नव्या एन्फिल्ड होत्या. विजयी सैन्यातील अनेक पलटणी मात्र दुरुस्त केलेल्या जुन्या आणि बेल्जियन बंदुकांवर लढत होत्या. आपल्या बंदुका ठेवून शत्रूच्या उचलण्याची परवानगी ग्रँटने पलटणींच्या अधिकाऱ्यांना दिली. ज्यांची बंदूक निकृष्ट होती, ते जिंकले होते.

कारखाना आणि भाकरी

मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथील सरकारी कारखाना युद्धापूर्वी वर्षाला हजारोंच्या हिशेबात बंदुका करी. १८६४ साली तेथून पावणेतीन लाखांच्या घरात बंदुका बाहेर पडल्या. युद्धकाळातले एकूण उत्पादन सुमारे आठ लाखांचे होते. खासगी कंत्राटदारांनी याच नमुन्याच्या बंदुका केल्या, त्या वेगळ्याच. एका बंदुकीची किंमत सुमारे वीस डॉलर पडे. या कारखान्याचे वैशिष्ट्य म्हणजे सुटे भाग यंत्रावर, मापात घडवले जात. एका बंदुकीचा मोडलेला चाप दुसरीचा काढून बसवता येई. ही 'अमेरिकी पद्धत' पाहून ब्रिटिश सरकारनेच १८५४ साली तेथे समिती पाठवली होती आणि एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यासाठी अमेरिकेतून यंत्रे मागवली होती. अमेरिकेस आलेल्या बहुतेक एन्फिल्ड मात्र खासगी कारागिरांनी हाताने जुळवलेल्या होत्या. त्यांचे भाग एकमेकींना बसत नसत.

गोळी सोपी करणाऱ्या बर्टनची कारकीर्द या संदर्भात पाहण्यासारखी आहे. हार्पर्स फेरी सोडल्यावर तो १८५५ साली इंग्लंडला गेला आणि एन्फिल्ड कारखान्याचा मुख्य अभियंता झाला. युद्धाच्या तोंडावर तो मायदेशी परतला आणि दक्षिणेच्या शस्त्रकारखान्यांचा प्रमुख बनला. दोन्ही बाजूंच्या बंदुकांत सारखेपणा का होता, याचे उत्तर या एका माणसाच्या प्रवासात बरेचसे मिळते. एप्रिल १८६१ मध्ये माघार घेताना उत्तरेच्या तुकडीने हार्पर्स फेरीचा कारखाना पेटवला, परंतु यंत्रे बऱ्याच अंशी वाचली. ती रिचमंड आणि फेयेटव्हिल येथे हलवून दक्षिणेने उत्पादन सुरू केले. रिचमंडच्या बंदुकीच्या कळपट्टीवर एक विचित्र कुबड दिसते. जुन्या नमुन्यात तेथे टोप्यांच्या कागदी फितीची सोय असे. फीत केव्हाच रद्द झाली होती, पण साचा जुनाच असल्याने कुबड तेवढे राहिले.

दक्षिणेचा शस्त्रास्त्र प्रमुख जोसाया गॉर्गस हा मूळचा उत्तरेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. त्याने जवळजवळ शून्यातून खाते उभारले. जॉर्जियातील ऑगस्टा येथे उभारलेल्या दारूच्या कारखान्याने युद्धकाळात सुमारे साडेसत्तावीस लाख पौंड दारू पुरवली. सोऱ्यासाठी गुहांतली माती धुतली गेली. टोप्यांसाठी तांबे उरले नाही, तेव्हा टर्पेंटाइन आणि मद्य गाळण्याच्या भट्ट्यांची तांब्याची भांडी जप्त करून वितळवण्यात आली. परिणामी दक्षिणेची एकही मोठी लढाई बंदुका वा दारू संपली म्हणून हरली गेली नाही. संपले ते वेगळेच. आगगाड्यांचे रूळ, पायताणे, मका, घोडे आणि शेवटी माणसे. १८६५ च्या एप्रिलमध्ये लीच्या सैन्याजवळ गोळ्या होत्या, भाकरी नव्हती.

पल्ला पाचशेचा, लढाई शंभराची

या बंदुकीविषयी एक समज दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत नांदला. नव्या रायफलीचा पल्ला पाचशे यार्ड, सेनापतींचे डावपेच मात्र नेपोलियनच्या काळचे, म्हणून एवढा नरसंहार झाला, असे सांगितले जाई. पॅडी ग्रिफिथ या ब्रिटिश लष्करी इतिहासकाराने १९८० च्या दशकात या समजाला प्रथम धक्का दिला. २००८ साली अमेरिकी इतिहासकार अर्ल हेस यांनी या बंदुकीवरच स्वतंत्र ग्रंथ लिहून तो बराचसा मोडीत काढला. सैनिकांच्या पत्रांतून आणि अधिकाऱ्यांच्या अहवालांतून गोळीबाराची अंतरे गोळा केली, तेव्हा सरासरी निघाली शंभर ते सव्वाशे यार्डांची. जुन्या गुळगुळीत बंदुकीचा पल्लाही जवळपास तेवढाच होता.

यामागे भौतिकशास्त्राचे साधे कारण आहे. ही जड गोळी संथ जाई, त्यामुळे तिची वाट कमानीसारखी होई. तीनशे यार्डांवरचा माणूस टिपायचा तर नळी इतकी उचलावी लागे की मधल्या टप्प्यात गोळी उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाई. अंतराचा अंदाज थोडा चुकला, की नेम वाया. पट्टीवर तीनशे आणि पाचशेच्या खुणा होत्या, परंतु अंतर ओळखायला कोणी शिकवलेच नव्हते. ब्रिटनने १८५३ साली हाइथ येथे यासाठी खास शाळा काढली होती. अमेरिकेतील बहुतेक पलटणींना मात्र भरण्याची कवायत भरपूर घडली, निशाणावर प्रत्यक्ष गोळ्या झाडण्याचा सराव फारच थोडा मिळाला. शिवाय व्हर्जिनियाची दाट झाडी आणि दारूचा पांढरा धूर. पहिल्या काही फैरींनंतर समोरचे काही दिसतच नसे.

अपवाद होते आणि ते उद्बोधक आहेत. आयर्लंडमध्ये जन्मलेला आणि ब्रिटिश सैन्यात शिपाईगिरी केलेला दक्षिणेचा जनरल पॅट्रिक क्लिबर्न याने आपल्या डिव्हिजनला अंतर ओळखण्याचे रीतसर शिक्षण दिले. षट्कोनी नळीची महागडी व्हिटवर्थ रायफल दक्षिणेच्या मोजक्या नेमबाजांकडे होती. उत्तरेकडे हायरम बर्डनच्या हिरव्या गणवेशातील नेमबाज पलटणी होत्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचा जनरल जॉन सेजविक गोळ्यांना वाकणाऱ्या आपल्या शिपायांची थट्टा करीत होता. एवढ्या अंतरावरून त्यांना हत्तीदेखील टिपता येणार नाही, असे त्याने म्हटले आणि क्षणातच डोळ्याखाली गोळी लागून तो कोसळला. बंदुकीत सामर्थ्य होते. ते वापरण्याचे शिक्षण फार थोड्यांना मिळाले होते.

मग एवढी माणसे का पडली? कारण दोन रांगा शंभर यार्डांवर समोरासमोर उभ्या राहून तास तास गोळ्या झाडीत. कारण आडोशामागून झाडणाऱ्याला भरायला निवांतपणा मिळे आणि उघड्यावरून येणाऱ्याला तो मिळत नसे. १३ डिसेंबर १८६२ रोजी फ्रेडरिक्सबर्गच्या दगडी भिंतीमागे दक्षिणेचे शिपाई अनेक ओळींत उभे होते. मागचे बंदुका भरून पुढे देत होते आणि पुढचे झाडीत होते. उत्तरेने लाटेमागून लाट पाठवली, तरी त्या भिंतीपर्यंत कोणी पोहोचू शकले नाही. उत्तरेचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून बारा हजारांहून अधिक झाले. या हल्ल्याची आज्ञा देणारा अँब्रोझ बर्नसाइड हा स्वतः एका कार्बाइनचा जनक होता. पुढे १८७१ साली, सैनिकांना नेम धरता येत नाही ही युद्धातली उणीव दूर करण्यासाठी, न्यूयॉर्कमध्ये काही माजी अधिकाऱ्यांनी नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन केली. तिचा पहिला अध्यक्ष हाच बर्नसाइड होता. ही संस्था आज अमेरिकी राजकारणात वेगळ्याच कारणासाठी ओळखली जाते.

सात बारांची बंदूक

याच काळात अधिक प्रगत शस्त्रेही अस्तित्वात होती. घोडदळाकडे सहा बारांची कोल्ट आणि रेमिंग्टन पिस्तुले होती, तशीच मागून भरायची शार्प्स कार्बाइन होती. क्रिस्टोफर स्पेन्सरची सात बारांची बंदूक दस्त्यातल्या नळकांड्यात तांब्याची काडतुसे साठवी. हेन्री रायफलीत सोळा काडतुसे मावत. ऑगस्ट १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी स्पेन्सर स्वतः चालवून पाहिली. उत्तरेचा शस्त्रास्त्र प्रमुख जेम्स रिप्ले मात्र अशा बंदुकांना नाखूश होता. शिपाई काडतुसांची उधळपट्टी करतील, ही त्याची धास्ती. सप्टेंबर १८६३ मध्ये त्याला पद सोडावे लागले. इंडियानाच्या जॉन वाइल्डरने सरकारची वाट न पाहता आपल्या ब्रिगेडसाठी स्पेन्सर उधारीवर मिळवल्या. शिपायांनी आपल्या पगारातून फेडण्याच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. जून १८६३ मध्ये टेनेसीतील हूव्हर्स गॅप येथे या ब्रिगेडच्या माऱ्यापुढे समोरचे सैन्य थबकले.

रिप्लेला पुढे इतिहासाने मूर्ख ठरवले, परंतु त्याची अडचण खोटी नव्हती. पाच-सहा प्रकारची काडतुसे शेकडो मैल दूर वेळेवर पोहोचवणे हे त्याचे काम होते. पुरवठ्याचे हे गणित शत्रूलाही चुकले नाही. दक्षिणेच्या सैनिकांनी स्पेन्सर बळकावल्या, पण तिची तांब्याची काडतुसे पुरेशा प्रमाणात घडवणे त्यांच्या कारखान्यांना जमले नाही. लुटलेली काडतुसे संपली, की त्या काळातली अत्यंत प्रगत बंदूक काठीच्या मोलाची होई.

शिशाने मोडलेली हाडे

मिनिए गोळीचा पल्ला वापरला गेला नाही, तरी तिचा आघात वापरला गेला. मऊ शिशाची ती जड, संथ गोळी शरीरात शिरताना पसरे आणि हाडाचे तुकडे तुकडे करी. कपड्यांच्या चिंध्या आणि घाण जखमेत ओढून नेई. उत्तरेच्या वैद्यकीय खात्याने नोंदवलेल्या जखमांपैकी शंभरातील नव्वदांहून अधिक गोळ्यांच्या होत्या. संगिनीच्या जखमा शंभरात एकही भरत नसत. जोसेफ लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेचे तत्त्व १८६७ साली मांडले, म्हणजे युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी. तोवर शल्यविशारदाजवळ क्लोरोफॉर्म होते, करवत होती आणि वेळ नव्हता. उत्तरेच्या बाजूनेच सुमारे ३० हजार हातपाय कापल्याची नोंद आहे. १८६६ साली मिसिसिपी राज्याने आपल्या महसुलाचा सुमारे पाचवा हिस्सा कृत्रिम हातपायांवर खर्च केला.

बंदूक कोणाच्या हाती?

एवढे सगळे पाहिल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू. बंदुका सारख्या, शौर्य सारखे, दारूचा तुटवडा कोणालाच नाही. फरक पडला तो मनुष्यबळात, अन्नात आणि आणखी एका निर्णयात. दक्षिणेच्या राज्यांत गुलामाने शस्त्र बाळगणे हा गुन्हा होता. सुमारे ९० लाख लोकसंख्येतील ३५ लाखांहून अधिक माणसे गुलाम होती आणि त्यांच्या हाती बंदूक देणे म्हणजे ज्या व्यवस्थेसाठी युद्ध चालले, तीच नाकारणे होते. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तिघोषणेने उत्तरेने मात्र कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने उभे राहिले. त्यांतले बहुसंख्य आदल्या वर्षापर्यंत कोणाची तरी मालमत्ता होते.

त्यांना वागणूक समान मिळाली नाही. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, तर त्यांना १० डॉलर आणि त्यातूनही कपड्यांचे तीन वजा. १८६४ साली हा भेद कायद्याने दूर होईपर्यंत ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने अपुरा पगार घेण्यास नकार दिला. याच पलटणीने १८ जुलै १८६३ रोजी एन्फिल्ड घेऊन फोर्ट वॅग्नरच्या तटावर चाल केली होती. पकडले गेल्यास त्यांना युद्धकैदी मानले जाईल याची हमी नव्हती. एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो येथे शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल झाली. तरीही फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून निसटलेला नेता आपल्या बांधवांना सांगत राहिला, की ज्याने खांद्यावर बंदूक घेतली त्याचा नागरिकत्वाचा हक्क कोणालाही नाकारता येणार नाही.

दक्षिणेत ही गोष्ट सर्वांत आधी उमगली ती नेमबाजीचे शिक्षण देणाऱ्या क्लिबर्नला. जानेवारी १८६४ मध्ये त्याने गुलामांना मुक्त करून सैन्यात घेण्याचा प्रस्ताव मांडला. जेफर्सन डेव्हिस यांनी तो दाबून टाकला. नोव्हेंबरमध्ये फ्रँकलिनच्या लढाईत क्लिबर्न मारला गेला. अखेर १३ मार्च १८६५ रोजी दक्षिणेच्या काँग्रेसने गुलामांना शस्त्र देण्याचा कायदा केला, तेव्हा शरणागतीला चार आठवडेही उरले नव्हते.

युद्ध संपल्यावर या बंदुकांची कोठारे रिकामी करण्यात आली. त्यांतल्या पुष्कळशा १८६८ च्या जपानी यादवीत पुन्हा वाजल्या. तिकडे हिंदुस्थानात ब्रिटिशांनी १८५७ पासून वेगळाच धडा घेतला होता. उठावानंतर देशी शिपायांसाठी त्यांनी एन्फिल्डचा खास नमुना काढला. बाहेरून ती तीच बंदूक होती, पण नळी आतून मोठी करून गुळगुळीत केलेली होती. गोऱ्या शिपायाची गोळी सरळ जावी आणि काळ्या शिपायाची जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने तर सामान्य माणसालाच परवान्याविना शस्त्र बाळगणे अशक्य झाले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून जोतीरावांनी त्या युद्धाचा जो अर्थ ओळखला, तो पल्ल्याच्या आणि व्यासाच्या आकड्यांत सापडत नाही. एका देशात तीन खाचांची ती बंदूक कालच्या गुलामाच्या हाती गेली आणि त्याच्या नागरिकत्वाचा पुरावा ठरली. दुसऱ्या देशात तिच्या खाचा पुसून माणसाला त्याची पायरी दाखवण्यात आली. बंदूक दोन्हीकडे एन्फिल्डच होती.